हळूबाईंचं उत्तर

कानाच्या दवाखान्यात जन्म गेला, तरी बाईंचा आवाज काही चढला नाही. म्हणून सगळे त्यांना हळूबाई म्हणत. त्यांच्या टेबलामागे ऐकण्याची तपासणी करायची खोली होती. तिच्या भिंतींना जाड, मऊ अस्तर. दार उघडलं की आतली शांतता धुक्यासारखी बाहेर येई आणि खुर्च्यांवर पसरे. त्या धुक्यात हळूबाई अर्ध्या स्वप्नात वावरत, पण काम चोख.

इंटरनेटवरच्या अभिप्रायांना उत्तरं देण्याचं काम डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यावर सोपवलं. दारी आलेल्या पाहुण्याची विचारपूस करावी तसं त्या लिहीत. व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांनी आपल्या नावानिशी एवढंच लिहिलं होतं, ‘इथली शांतता आवडली.’ बाईंनी मायेनं लिहिलं, ‘सर, डाव्या कानातलं यंत्र आता शिट्टी मारत नाही ना?’

दुसऱ्या सकाळी फोन आला. “माझी मुलगी सरांकडे शिकते. त्यांना ऐकू येत नाही की काय?”

“इथं कोण येतं, ते आम्ही सांगत नाही.”

“अहो, चव्हाट्यावर मांडून झालं, आता कसली झाकपाक?”

हळूबाईंनी फोन ठेवला. त्यांनी उत्तर पुसलं, पण बाण सुटला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “यापुढे ‘तुम्ही आलात’ एवढंसुद्धा लिहायचं नाही. नुसते आभार.”

दुपारी सर आले. “दोघी मुली शिकायला यायच्या थांबल्या.”

“सर, चुकलं हो माझं!” बाई चक्क ओरडल्या.

“हळू बोला, ऐकू येतं मला. सांगणार होतोच मी. पण माझं मला सांगू द्यायचं होतं.”

पुढे बरेच दिवस सर फिरकले नाहीत. मग एकदा दिवेलागणीला ते रस्त्यात समोरून आले, भोवती शिष्यांचा घोळका. डॉक्टरीणबाईंची ताकीद आठवून हळूबाई अनोळखी होऊन दुकानाच्या काचेत बघू लागल्या. काचेतला रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा दिसत होता. त्यातून सर तरंगत आले आणि थांबले.

“काय हो, ओळख विसरलात?”

बाई काचेतच बघत राहिल्या.

सरांनी केस मागे सारून मुलांना कान दाखवला. “हे यंत्र यांच्याच दवाखान्यात बसवलं मी.”

एक चिमुरडी म्हणाली, “म्हणून माझा सूर चुकलेला कळतो तुम्हाला?”

“तो यंत्राशिवायही कळतो, बाळ.”

पोरं खिदळली. सर बाईंकडे वळले. “आता तरी बोला की!”

तेव्हा कुठे बाईंनी त्यांना नमस्कार केला.