आंबवायचा हात

शोभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कढईत किमचीचा भात परतत होते. आधी गॅस बंद केला, मग भिंतीला टेकून खाली बसले. तीन आठवडे त्या बुलढाण्याला दवाखान्यात होत्या, म्हणजे बातमी काही अचानक नव्हती. आज दीड महिना झाला.

शोभाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. धाड गावाजवळच्या आमच्या घरात स्वयंपाक एकच, आम्ही दोघी सुना आणि वर आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी कालवलेल्या कैरीच्या लोणच्याला बुरशी आली. आत्याबाईंनी निकाल देऊन टाकला, हिच्या हाताले लोणचं मानत नाही. झालं! पुढं अठरा वर्षं मला बरणीला हात लावायची बंदी. फोडसुद्धा शोभाताईच वाढून देत. पाहुण्यारावळ्यांतही ते कौतुकानं सांगितलं जायचं. एवढंसं लोणचं मेलं, पण मला फार लागायचं. आजही लागतं.

चार वर्षांपूर्वी शोभाताईंची पल्लवी पुण्याहून दिवाळीला आली ती किमची शिकून. कोरियातलं पत्ताकोबीचं लोणचं, इतकंच आम्हाला कळलं. कोबी तर वावरातच होती. पल्लवी परत गेल्यावर शोभाताईंनी कोबी चिरली, मीठ लावून पिळली, आलं-लसूण-तिखट चोळलं आणि लोणच्याच्या सवयीनं वरून मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ओतली. आठ दिवसांनी पाहतो तर कोबी मऊ पडलेली, आंबटपणाचा पत्ता नाही. पल्लवी फोनवर हसत सुटली. फोडणी कशाला, म्हणे, ते आंबलं पाहिजे, त्याला बुडबुडे आले पाहिजेत. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मंदा, हे तर नासवाचंच लोणचं हाय. तुह्याच हातचं काम."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं कोबी चिरायला बसले. चार दिवसांत बरणी फसफसली, आणि असा झकास आंबूस वास सुटला की शोभाताईंनी तिथंच उभ्यानं मूठभर खाल्ली.

भात मात्र त्यांचा. सकाळचा उरलेला भात हातानं मोकळा करायचा, तेलात कांदा, त्यावर किमची, पाणी आटेस्तोवर परतायची, मग भात आणि शेवटी बरणीतलं लाल पाणी. दहा मिनिटांत ताट पुढ्यात. थंडीत तुरीचे सोले म्हणजे ओले दाणे, एरवी शेंगदाणे, पोरं असली की अंडं. काही नसलं तर नुसताच, त्यांचं काही अडायचं नाही. आत्याबाईंना तर चटकच लागली. कोणी केली किमची म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा शोभाताई बिनधास्त म्हणाल्या, मी. मला राग आला. मागून मी भांडलेच. त्यांचं म्हणणं, आधी जिभेले सवय लागू दे, मग नाव सांगू. ते मग चार वर्षं राहून गेलं... मीही खोटं चालू दिलं, त्यांना एकट्यांना कशाला दोष देऊ?

तेरवीचे पाहुणे पांगले तेव्हा पातेलंभर भात उरला होता. दुसरं काही करायची ताकद नव्हती, म्हणून तोच किमचीत परतला आणि आत्याबाईंना ताट दिलं. शोभाच्या हातची शेवटची बरणी म्हणून त्या डोळे पुसतील, आणि मग मला ते सहन होणार नाही, असं वाटून मीच सुरुवात केली. "आत्याबाई, ही किमची..."

"तुही हाय. ठाऊक हाय मले," त्या खाता खाता म्हणाल्या. "दवाखान्यात सांगतलं तिनं. म्हने, औंदा कैरीची बरणी मंदाले भरू द्या. भर मंग."

बावीस वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहिली होती. आनंद झाला, खोटं कशाला सांगू, तशीच उठले. आणि आत्याबाई काय म्हणाल्या ते ऐकायला बाहेर या म्हणून सवयीनं स्वयंपाकघराकडे तोंड करून शोभाताईंना हाक मारली.