तिजोरी विचारते, कोणाचा रे तू?

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते डब्याच्या चमच्यांसारखे साठतात. आपण घरून नेलेला असतो एकच, पण कधीतरी खण उघडून बघावं तर आत ढीगभर चमचे, आणि त्यातला एकही आपला नाही!

आमचं ऑफिस रत्नागिरीजवळ, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत. एका बाजूला बर्फाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला इंदूताईंची काजूची फॅक्टरी, आणि मध्ये आम्ही सॉफ्टवेअरवाले. मालक सलीमभाई, मूळचे केळशीचे. अर्धं आयुष्य कुवेतला काढून परत आले आणि इथे कंपनी काढली. लोकांनी वेड्यात काढलं. ते म्हणायचे, "माझी पोरं फोनवर मोठी झाली रे. हितल्या पोरांनी तरी दुपारचं घरी जेवावं!"

बाकी आम्ही तिघं. नसीमा, आमची सीनियर, जिला चूक दिसल्याशिवाय राहत नाही. मंदार, ज्याच्यामुळे तिला कधी चुकांची टंचाई पडली नाही. आणि मी.

आमचं मुख्य काम पुण्याच्या एका हॉस्पिटलचं. पेशंटना मोबाइलवर आपले रिपोर्ट दिसतात, तो प्रोग्राम आमचा. एक दिवस पुण्याहून मेल आला. पासवर्ड सांभाळायची पक्की व्यवस्था करा, आमचा माणूस न सांगता तपासायला येईल. व्यवस्था कच्ची दिसली तर सगळं काम पुण्याला हलवू, ज्यांना यायचं असेल त्यांनी तिकडे यावं.

सलीमभाईंनी मेल पुन्हा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मंदार नुकताच मुंबई सोडून आला होता, 'आता रत्नागिरीतून हलायचं नाही' असं बायकोला कबूल करून. तो पाणी प्यायला म्हणून उठला तो बराच वेळ आलाच नाही.

*

व्यवस्था कच्ची म्हणजे किती कच्ची? डेटाबेसचा पासवर्ड मंदारने प्रोग्राममध्येच लिहून ठेवला होता. वर तोच पासवर्ड वाय-फायला! वाय-फाय वापरतो म्हणून चहावाल्याला तो पाठ, बर्फाच्या कारखान्याला पाठ.

नसीमाने कपाळावर हात मारला आणि तो बदलायला घेतला. चहावाला ग्लास ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, नवीन ठेवाल तो सोपा ठेवा हां. आमच्या आईला लक्षात राहत नाय!"

*

मग आली तिजोरी. म्हणजे पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर, आम्ही आपलं तिला तिजोरी म्हणायचो. सगळे पासवर्ड तिच्यात ठेवायचे आणि प्रोग्रामला लागेल तेव्हा त्याने तिच्याकडून मागून घ्यायचा. मंदारने दिवसभर खपून सगळं आत टाकलं आणि छाती फुगवून सांगायला आला.

नसीमाने विचारलं, "प्रोग्राम तिजोरी उघडतो कशाने?"

"तिजोरीच्या पासवर्डने."

"तो कुठे ठेवलास?"

"प्रोग्राममध्ये!"

सलीमभाईंना यातलं फारसं कळत नाही, पण एवढं कळलं. "अरे मेल्या, दागिने तिजोरीत ठेवलेस आणि किल्ली दाराला लटकवलीस?"

"हो," मंदार शांतपणे म्हणाला, "पण आपल्याच दाराला ना!"

*

यावर उपाय टोकनचा. नसीमाने फळ्यावर चौकोन काढून समजावलं. आमचे सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे एका बड्या कंपनीकडून भाड्याने घेतलेले. ती कंपनी आपल्या सर्व्हरला एक टोकन देते. 'हा सर्व्हर माझ्याकडचा, अमुक कामाचा' असं सांगणारी, सही केलेली चिठ्ठीच म्हणा, आणि तीही थोडाच वेळ चालणारी. सर्व्हर ते टोकन तिजोरीला दाखवतो. तिजोरी सही पारखते आणि मगच त्याच्या कामापुरतं देते. पासवर्ड कुठे लिहून ठेवायलाच नको.

मी आणि मंदार अजून पहिल्या चौकोनातच होतो. सलीमभाई मात्र खुर्चीत सरसावले.

"म्हणजे आमच्या केळशीसारखंच की! कोणाच्या बागेत शिरलो की म्हातारा विचारायचा, 'कोणाचा रे तू?' मी बापाचं नाव सांगायचो. त्यावर तो विश्वास ठेवतोय होय! सरळ बापाला जाऊन विचारायचा. बाप ओळख देईल तर आंबा."

"आणि नाही दिली तर?" मंदारने विचारलं.

"ओळख तो देणारच रे. आंब्यानंतर घरी काठी!"

*

चाचणीसाठी एक तिजोरी सलीमभाईंच्या केबिनमधल्या मशीनवर बसवली. तिला टोकन दाखवलं की ती नाकारायची. का, तर म्हणे या टोकनची वेळ अजून सुरूच झालेली नाही! नुकतंच, आमच्या डोळ्यांदेखत घेतलेलं टोकन!

नसीमाने सगळे नियम तपासले. मी सह्या तपासल्या. मंदारने मशीनपुढे नारळ फोडायचं सुचवलं. शेवटी नसीमाचं लक्ष मशीनच्या घड्याळाकडे गेलं. घड्याळ अडीच तास मागे, म्हणजे त्याच्या लेखी आमचं टोकन अडीच तासांनंतरचं!

सलीमभाईंची मुलगी कुवेतला असते. तिला फोन करायच्या आधी तिकडे किती वाजले ते दिसावं, म्हणून त्यांनीच ते मागे केलं होतं. "मशीन नुसतंच पडलं होतं," ते ओशाळून म्हणाले, "म्हटलं घड्याळ म्हणून तरी कामाला येईल!"

नसीमा फणकारली, वेळ सुधारली, आणि दुसऱ्या दिवशी केबिनच्या भिंतीवर कुवेतच्या वेळेचं खरं घड्याळ लावलं. सलीमभाईंनी मुलीला व्हिडिओ कॉल केला तो आधी घड्याळच दाखवायला!

*

कोणाला तिजोरीतलं काय दिसावं याचे नियम नसीमाने लिहिले. सलीमभाईंनी एकदा सहज डोकवायचं ठरवलं, तर स्क्रीनवर 'परवानगी नाही'.

"अगं, मालक आहे मी!"

"तिजोरीला मालक कळत नाही, सलीमभाई, काम कळतं. तुमचं तिच्यात काय काम?"

सलीमभाईंनी खूप आठवून पाहिलं, पण काम काही सापडेना. दिवसभर गाल फुगवून बसले. पुढच्याच आठवड्यात केळशीला एका लग्नात मात्र मी माझ्या कानांनी त्यांना सांगताना ऐकलं, "माझ्या कंपनीतलं मलाच उघडता येत नाय, एवढी मोठी कंपनी आहे!"

*

मग एक दिवस मंदारला फोन. पलीकडे गोड आवाजाचा गृहस्थ. "हॉस्पिटलातून बोलतोय. पेशंटचे रिपोर्ट अडकलेत, डेटाबेसचा पासवर्ड सांगा पटकन."

पूर्वीच्या मंदारने तो स्पेलिंगसकट सांगितला असता, वर वाय-फायही जोडून दिलं असतं! पण आता पासवर्ड तिजोरीच बनवते आणि तीच बदलते.

"मला माहीत नाही हो."

"मग कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"अहो, मग तुमचं काम चालतं कसं?"

"तेच तर आम्हालाही नवल वाटतं!"

फोन कट. नसीमा म्हणाली, "तपासणीवालाच होता तो. पास झालास!" मंदारला काही झेपेना. "अगं, पण मी खरंच सांगत होतो!"

*

फोनवर जमलं नाही म्हणजे आता माणूस येणार, हे आम्ही ओळखलं. तिजोरी पुन्हा तपासली, नियम पुन्हा तपासले. एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानातच आली नाही. शुक्रवारी सलीमभाई नमाजला जातात, आम्ही तिघं जेवायला घरी. ऑफिसला कुलूप, आणि किल्ली शेजारी इंदूताईंच्या फॅक्टरीत, खिळ्याला! पहिल्या दिवसापासूनची पद्धत.

त्या शुक्रवारी जेवून येतो तर ऑफिसचं दार उघडं. आत कडक इस्त्रीतला एक अनोळखी माणूस, पुढ्यात काजूची बशी. दारात स्टूल टाकून इंदूताई बसलेल्या. माणसाने उठून नमस्कार केला. पुण्याचं हॉस्पिटल, तपासणी.

सलीमभाईंनी दाराच्या उघड्या कुलपाकडे पाहिलं. एवढी तिजोरी, एवढी टोकनं, आणि माणूस खिळ्यावरची किल्ली घेऊन आत!

"तुम्हाला किल्ली कोणी दिली?" नसीमाने कसंबसं विचारलं.

"किल्ली कुठे दिली?" तो म्हणाला. "मी म्हटलं, मी मूळ मंडणगडचा, इथे काम आहे, किल्ली द्या. तर या म्हणाल्या, मंडणगडचा कोणाचा? मी आयकार्ड दाखवलं."

"असली कार्डं झेरॉक्सच्या दुकानात मिळतात!" दारातून इंदूताई.

"मग म्हटलं, काकी तिथेच असते, तिचा नंबर देतो, विचारा."

"ह्याने दिलेल्या नंबरवर ह्याचंच माणूस बोलणार!" इंदूताई आता उभ्याच राहिल्या. "माझी नणंद नाय का मंडणगडात? तिला म्हटलं, ऊठ, त्या काकीच्या दारात जा नि विचार. पोरगा खरा हाय. मग दार उघडून बसवला. किल्ली ही माझ्या कमरेला. काम्प्युटरला हात लावायचा नाय, नि आमची काजूची भट्टी लागली की मी जाणार, तेव्हा उठायचं, असं सांगून ठेवलंय त्याला."

माणसाने निमूटपणे एक काजू तोंडात टाकला.

पुढच्या आठवड्यात पुण्याचा मेल आला. व्यवस्था पक्की आहे, काम रत्नागिरीतच राहील. मंदार फोन घेऊन बाहेर धावला, बायकोला सांगायला. सलीमभाईंनी चष्मा काढला आणि या वेळी खूप वेळ पुसत बसले.

मेलच्या शेवटी एक विनंती होती. 'तुमच्या दाराशी ओळख पटवून घेण्याची जी व्यवस्था आहे, ती आम्हाला पुण्याच्या ऑफिसातही हवी आहे. कोणाची आहे, ते कळवावे.'

सलीमभाई तडक शेजारी गेले आणि इंदूताईंना मेल वाचून दाखवला.

"कळवा त्यांना," इंदूताई काजू निवडता निवडता म्हणाल्या, "मी काय रत्नागिरी सोडून यायची नाय!"