सईचा प्रयोग बाबांच्या पोटात

गेल्या आठवड्यात आमच्या घरातला एक अख्खा विज्ञानाचा प्रयोग पोटात गेला... नवऱ्याच्या.

आम्ही संत तुकाराम नगरात राहतो, नवरा चाकणच्या एका कंपनीत. त्याची तिसरी शिफ्ट असली की उन्हाळ्यात ओट्यावर स्टीलच्या पेल्यात लिंबू सरबत झाकून ठेवायचं, ही आमच्याकडची पद्धत. तो सकाळी पोचतो तोवर आम्ही मायलेकी शाळेला गेलेल्या असतो. सई सहावीत शिकायला, मी शिशुवर्गाला शिकवायला.

सईला सध्या मिश्रणं आणि द्रावणं आहेत. साखरेचे स्फटिक करून शनिवारी आणायला सांगितले होते. बुधवारी संध्याकाळी बाईसाहेबांनी गरम पाण्यात साखर ढवळली... ढवळली... माझा डबा निम्मा झाला.

"आई, बघ, आता विरघळत नाही. तळाशी बसायला लागली. म्हणजे द्रावण संपृक्त झालं!"

ते गार झालं की त्यात धागा सोडायचा, मग धाग्यावर खडीसाखर धरते म्हणे. काचेचा ग्लास तडकेल म्हणून मीच शहाणीने तिला स्टीलचा पेला दिला. त्यावर ताटली झाकून तो ओट्यावर ठेवला. सरबत त्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवलं होतं, आणि हे नवऱ्याला सांगायचं राहून गेलं.

गुरुवारी दुपारी येऊन बघतो तर पेला धुऊन पालथा घातलेला. सईने जो सूर लावला... "आता शनिवारपर्यंत कसे होणार? सगळ्यांचे असतील, माझेच नसतील!"

तिच्या रडण्याने नवरा उठून आला. काय झालं ते कळल्यावर बिचाऱ्याने कान पकडले.

"एवढं गोड लागलं तरी कळलं नाही, बाबा?"

नवरा परभणीकडचा, झोपेतून उठला की गावाकडचंच बोलतो. "पहिल्या घोटालाच कळलं गं, हे सरबत न्हवं, पाक हाय. पण वाटलं, आज आईच्या ऐवजी तूच करून ठेवलंस माझ्यासाठी. मग वतून द्यायला हातच हुईना."

सई रडायची थांबली. माझे मात्र डोळे भरून आले. रात्रभर उभं राहून आलेला माणूस, आणि रिकाम्या पोटी पेलाभर पाक...

मग तो परत झोपलाच नाही, सईबरोबर नवं द्रावण करायला बसला. "बाबा, हळू ढवळा... सगळी एकदम नका टाकू," असं ती दरडावत होती आणि तो मुकाट्याने ऐकत होता. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात या दोघांची धड गाठ पडत नाही. तो उठतो तेव्हा ती क्लासला गेलेली असते.

शनिवारी धाग्यावर जेमतेम मोहरीएवढे दाणे धरले होते. "इतके बारीक कसे?" असं मॅडमनी विचारलं, तर सईने सगळ्या वर्गापुढे सांगितलं, "पहिलं द्रावण माझ्या बाबांनी पिऊन टाकलं. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठीच केलंय."

हे मला सांगताना ती इतकी खुशीत होती की जणू बक्षीसच मिळालंय... देवा, असंच राहू दे माझं घर.