मामाच्या दुकानासमोरचं ऊन

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पायजे, न्हायतर डोकं फुटंल माझं. आई आत साडीला इस्त्री करायला लागलीय आणि मी इथं बसून टाइप करायला लागलेय. चुका दिसल्या तर सोडून द्या.

झालं काय, माझी कॉलेजची एक मैत्रीण हाय, पुण्याची. तिनं नवा डिजिटल कॅमेरा घेतलाय. म्हणाली, "मला एखादं जुनं गाव दाखव ना, चालत फिरता येईल असं." माझ्या तोंडातनं निसटलं, पेठ वडगाव. माझ्या आईचं माहेर ते. आज सकाळी एसटीनं गेलतो आम्ही दोघी.

पेठ अजून तशीच हाय. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूला कौलारू दुकानं, वर लाकडी सज्जे, खाली फळ्यांची दारं. भांडीवाले, मिरचीवाले, सोनार, मग कापडवाले. गाडी घालायची सोयच न्हाय, चालायलाच पायजे. मैत्रीण नुसती येडी झाली. "कसलं भारी आहे गं हे! लहानपणी किती मजा केली असशील तू इथे!"

मजा. व्हय तर.

मी शाळेत असताना दरवर्षी दिवाळीच्या आधी, बाजाराच्या दिवशी, आई मला घेऊन इथं यायची. मला वाटायचं फिरायला आलोय. भडंग मिळायचं, गारीगार मिळायचं, मी खूश. पण आई कपाटातली चांगली साडी नेसून यायची, गजरा माळून. बाजाराला कोण असं नटून जातंय? आणि एका बाजूला मस्त सावली असायची, तरी ती मला उन्हाच्या बाजूनं न्यायची.

"आई, चटका बसतोय!"

"चल गुमान."

का, ते नंतर कळलं. सावलीच्या बाजूला मामाचं कापडाचं दुकान. समोरनं उन्हातनं गेलं की गादीवर बसलेल्या मामाला आई नीट दिसायची.

मामाचा आवाज अख्ख्या पेठेला ऐकू जायचा. कापडवाल्यांचं कामच ते, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायच्या. "या वैनी! या मावशी! अवो पावणं, घेऊ नका, बघून तरी जावा!" लांबनंच ऐकू यायचं. आणि आम्ही समोर आलो की बंद. एकदम बंद. मान खाली घालून मीटरपट्टीनं कापड मोजल्यासारखं करायचा. आम्ही पुढं सरकलो की मागनं परत सुरू, "या मावशी!"

सगळ्या गावाला हाक मारणारा माणूस, सख्ख्या बहिणीला तेवढी न्हाय.

कारण काय, तर आजोबा गेल्यावर घर मामाच्या नावावर करायचं म्हणून आईला सहीला बोलवलं. आई म्हणाली, "सही करते की दादा, फक्त वरची एक खोली माझी म्हण. माहेरला आल्यावर उतरायला." तर मामी, "वन्सं, हिस्सा मागायला आलाय व्हय?" मामानं नुसता कागद पुढं सरकवला. आईनं रडत सही करून टाकली. खोली गेली ती गेली, हाक पण गेली. तवापासनं त्यानं तिला भाऊबीजेला बोलवलेलं न्हाय. आणि ती मात्र दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर पेठेतनं चालायची, आज तरी "ये गं" म्हणंल म्हणून.

परतीच्या एसटीत बसल्यावर म्हणायची, "गिऱ्हाइकाची गर्दी हुती. दिसले नसंन मी."

कसली गर्दी! दुकानात चिटपाखरू नसायचं.

मोठी झाल्यावर मी जायचं बंद केलं. ती एकटी जायला लागली.

तर आज. मी मुद्दाम सावलीच्या बाजूनं चालत हुते. मामा म्हातारा झालाय, जाड चष्मा लागलाय. आवाज तोच.

"या की ताई! घेऊ नका, बघून तरी जावा!"

मला! मला मारली हाक! माझे पायच थांबले. मैत्रीण तर कॅमेरा घेऊन आत पण गेली. मी गेले, गादीवर बसले.

"कुणासाठी बघायची साडी? तुम्हाला?"

"आईला."

"आईचा रंग कसा हाय? सावळा का उजळ? म्हणजे त्या बेतानं काढतो."

मी म्हटलं, "तुमच्यासारखाच हाय."

त्यानं चष्मा वर केला. मी आईच्या तोंडावळ्याची, सगळे म्हणतात. जांभळी साडी अर्धी उलगडलेली, हात तिथंच थांबला. मी वाट बघत बसले. "तू व्हय गं" एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं मला.

त्यानं मान खाली घातली. साडीची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

"अहो काका, छान होती की ती!" मैत्रीण म्हणाली.

"विकलीय ती."

बाहेर पडून जरा पुढं गेलो आणि मागनं आलंच, "या मावशी! बघून तरी जावा!"

"किती गोड काका आहेत ना?" मैत्रीण म्हणते. फोटो पण काढला तिनं त्याचा.

घरी आले. आई भाकरी थापत हुती. सगळं सांगितलं, एक शब्द गाळला न्हाय. मला वाटलं, आता तरी चिडंल, शिव्या घालंल.

"तुला हाक मारली?"

"गिऱ्हाईक म्हणून मारली गं! वळखल्यावर गप झाला."

"साडी कुठली काढली?"

"जांभळी."

तव्यावरची भाकरी तशीच ठेवून वळली. "जांभळीच? लग्नाआधी मला जांभळंच आवडायचं. दादाला ठावं हाय."

"आई, ढिगातली वरची काढली त्यानं!"

ऐकतीय कुठं. "आणि विकलीय म्हणाला नव्हं? कुणासाठी ठेवलीय काय की."

भाकरी करपली. उद्या वडगावचा बाजार हाय, म्हणून ही इस्त्री. मला म्हणाली, "तू नको येऊ, तुला ऊन सोसत न्हाय."

उद्या काय हुणार ते मला आत्ताच दिसतंय, आणि ती तिकडं पदराच्या निऱ्या दाबत गुणगुणतीय. कसं अडवू हिला? तुमच्या घरात पण हाय काय असं कोण, एका हाकेसाठी उन्हातनं चालणारं? तुम्ही काय केलं तवा? सांगा की.