अण्णाचं कन्नड

आधीच सांगतो, निपाणीत माझं मेडिकलचं दुकान आहे. कुणाच्या अंगात येतंय म्हटलं की ‘आधी ताप बघ’ म्हणणारा माणूस मी. असले अनुभव सांगणाऱ्यांना आजवर तोंडावर खुळ्यात काढलंय... त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

आम्ही सीमेवरच्या कोगनोळीचे. थोरला भाऊ अण्णा आणि मी, आठ वर्षं रोज सकाळी पळायचो. घरापासून मळ्याच्या वाटेनं ओढ्यावरचा पूल, पुढं अर्ध्या किलोमीटरचा चढ, वर पाण्याची टाकी, तिथनं परत. मी पुढं, अण्णा मागं. मी मागं राहिलो की चालायलाच लागतो असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

पळताना बोलायचं ते फक्त कन्नडात, हा त्याचा नियम. का, तर आपल्याला कन्नड शब्दच मोजके येतात, म्हणजे बोलण्यात दम वाया जात नाही! आता गंमत अशी की त्याला ते मोजकेसुद्धा धड येत नव्हते. ‘मुंद’ म्हणजे पुढे, ‘हिंद’ म्हणजे मागे, हे इथलं शेंबडं पोरगंही जाणतं. अण्णाचं मात्र जन्मभर उलटं. एकदा बेळगावच्या बसमध्ये दारात गर्दी झालती. लोकांनी पुढं सरकावं म्हणून हा मागनं ‘हिंद होग्री, हिंद होग्री’, म्हणजे ‘मागं जा, मागं जा’, असं ओरडला आणि अख्खी बस याच्याच अंगावर आली. तरी सुधारला नाही. चढावर माझा वेग कमी झाला की पाठीमागनं सुरू... ‘हिंद, हिंद.’ म्हणजे पुढं हो.

दोन वर्षांपूर्वी त्याच चढावर अण्णा गेला. हार्ट अटॅक. एकटाच होता. त्या दिवशी त्यानं नेहमीसारखी दारातनं ‘दिल्या’ म्हणून हाक मारली, मी पांघरुणातनंच ‘तू हो पुढं, मी आलोच’ म्हणालो आणि परत झोपलो. दूधवाला सांगत आला तेव्हाही मी झोपेतच होतो. सगळ्यांना मी सांगितलं, पाय मुरगळला होता म्हणून गेलो नाही. वैनींनासुद्धा हेच सांगितलं. त्यानंतर बूट माळ्यावर टाकले ते टाकलेच.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरनं मला शुगरची गोळी लिहून दिली. दुसऱ्यांना त्याच गोळ्या विकणाऱ्या माणसाला! लाज वाटली आणि बूट काढले. पण तीन रविवार पुलापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. समोर चढ दिसला की पाय उचलायचेच नाहीत. मी असतो तर अण्णा वाचला असता, हे एकच डोक्यात.

चौथा रविवार. सकाळचे पावणेआठ, लख्ख ऊन. दोन्ही बाजूंचा ऊस तुटून गेलेला, त्यामुळं चारी बाजूंनी रान मोकळं. पुलावर थांबलो, गुडघ्यावर हात ठेवून दम घेत होतो... आणि उजव्या खांद्यामागं, अगदी हातभर अंतरावर, धापा टाकत कुणीतरी म्हणालं – ‘हिंद... हिंद.’

पहिल्यांदा वाटलं, ट्रक असणार. क्लीनर लोक ट्रक मागं घेताना असंच ओरडतात. पण हायवे तिथनं लांब, आणि रस्त्यावर सायकलसुद्धा नव्हती. शिवाय कन्नड माणसानं म्हटलं असतं तर त्याचा अर्थ ‘मागं हो’ असा झाला असता. माझे पाय मात्र पुढं निघाले. भीती म्हणाल तर अजिबात वाटली नाही. उलट इतकं बरं वाटलं, की हसू यायला लागलं.

सगळा चढ माझ्या पाठीमागं पावलं वाजत होती. मी मागं बघितलं नाही. टाकीपाशी पोचलो आणि आवाज थांबला. तिथं बसून मी पोटभर रडलो, आणि मग कडकडून भूक लागली.

घरी आलो. वैनी भाकरी थापत होत्या. चुलीपुढं बसून त्यांना सगळं सांगितलं. पाय मुरगळल्याचं खोटं होतं, मी झोपलो होतो, हेही सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही.

“ठाऊक हाय मला,” त्या म्हणाल्या. “तुमास्नी हाक मारून परत आत आलते. मला म्हणाले, दिल्याला उठवू नको, काल लई दमलाय. आज झोपू दे त्याला.”

दोन वर्षं सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

“तुम्ही पाय मुरगळला म्हणालासा. मग तुमास्नी खोटं कसं पाडू, भावजी?”

एवढं बोलून त्यांनी गरम भाकरी माझ्या ताटात टाकली.

आता दर रविवारी टाकीपर्यंत जातो. तो आवाज परत कधी आला नाही. मनाचे खेळ म्हणा, कानाचा दोष म्हणा, मी भांडणार नाही. एवढं मात्र खरं, की त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी नऊपर्यंत गाढ झोपलो. दुकानातनं तीन फोन आले, पण वैनींनी कुणालाच मला उठवू दिलं नाही.