बावखलातले मासे आणि सायफनची पेटी

उमेळ्याच्या आमच्या वाडीतले बावखल बुजवायला डंपर आले, त्या दिवशी पत्नीने बादलीभर चिलापी मासे घरी आणले. बावखल म्हणजे बागायतीला पाणी पुरवणारे खोदीव तळे. ते वाडीबरोबर विकले गेले होते. विक्रीत मासे धरलेले नाहीत, असे तिचे म्हणणे. आम्ही तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. तिथे दिवाणखान्यात काचेची टाकी आली.

चिलापी हा शोभेचा मासा नव्हे. तो खातो फार आणि घाण त्याहून अधिक करतो. गढूळ पाणी बदलण्याचे काम माझ्याकडे आले. कंटाळून मी वसईतल्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने उपाय सांगितला: खालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवायची, तिच्यात गाळणी बसवायची, वरचे पाणी आपोआप खाली उतरेल, पंप ते परत वर चढवील. मात्र वरच्या टाकीला भोक हवे आणि भरल्या टाकीला ते पाडता येत नाही. तेव्हा भोक पाडलेली नवी टाकी घ्यावी. मग त्याने मासे कोणते ते विचारले. मी सांगितले.

“काका, ते काचेतले नाहीत, तव्यावरचे आहेत.”

मी टाकी घेतली नाही. भोक नसेल तर सायफन, हे मला शिकवायची कोणाला गरज नव्हती. बावखलात नळी टाकून, तोंडाने पाणी ओढून, ते सखल वाफ्यात सोडत मी लहानाचा मोठा झालो.

अ‍ॅक्रिलिकच्या दोन पेट्या केल्या. एक टाकीच्या आत टांगायची, एक बाहेर. दोहोंना काठावरून जोडणारी वाकडी नळी. बाहेरच्या पेटीतून पाणी खालच्या टाकीत. कागदावर हे सोपे होते. अ‍ॅक्रिलिक करवतीखाली तडकले. दुसरा तुकडा तिरका कापला गेला. सिलिकॉन पेटीला कमी आणि माझ्या बोटांना अधिक चिकटले. वाळेपर्यंत थांबलो, तरी एक कोपरा गळला. आमच्या इमारतीत पाणी लादीच्या सांध्यांतून मुकाट्याने खाली जाते. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, मुंबईला नोकरी करणारे, छताचे फोटो मोबाइलवर घेऊन वर आले. मी कोपरा पुन्हा बसवला.

त्यानंतर पेटी चालली. पाणी स्वच्छ झाले आणि मी निर्धास्त झालो. चूक तिथेच होती. बावखलातला सायफन तुटला, म्हणजे नळीत हवा शिरून धार थांबली, तर पाणी जागच्या जागी राहते. वाफा कोरडा राहतो, एवढेच. इथे नळीच्या बाकात हवेचे बुडबुडे साठले, सायफन तुटला आणि पंप मात्र इमानाने पाणी वर चढवत राहिला. आम्ही बाजारातून परतलो तेव्हा दिवाणखान्यात सपाता तरंगत होत्या.

खालचे गृहस्थ या वेळी फोटो न घेता आले. आवाज चढवला नाही.

“काका, आता एकदा जरी गळलं, तरी टँक काढावा लागेल. सोसायटीत बोललोय मी.”

मासे न्यायचे कुठे, हे त्यांनी विचारले नाही. बावखलावर आता गाड्या उभ्या राहतात.

ते गेल्यावर पत्नी फडके पिळत होती. तिने ते बादलीत टाकले. मग म्हणाली, “बावखलात तुम्ही माशांपुरतं पानी राखायचात. इथे लोकांच्या छतात सोडता.”

मी चिडलो. उत्तर द्यायला तोंड उघडले आणि बावखलातला दगड आठवला. माझ्या वडिलांची रीत होती: उन्हाळ्यात पंपाचे तोंड तळाशी सोडायचे नाही, दगडावर ठेवायचे. पाणी दगडापर्यंत उतरले की पंप हवा ओढे. खालचे पाणी माशांचे. बाग सुकली तरी त्या दगडाला हात लावायला मनाई होती.

मी खालच्या टाकीतला पंप विटेवर चढवला. वरच्या टाकीत जेवढी जागा रिकामी, त्याहून कमी पाणी त्याच्या हाती लागेल असा. मग गृहस्थांना बोलावून, त्यांच्यासमोर सायफनची नळी उपसून काढली. ते दाराजवळ उभे राहिले. पाणी चढले, काठाच्या बोटभर खाली थांबले. पंप घशात काही अडकल्यासारखा गुरगुरू लागला. मी तो बंद केला.

“बघू,” असे म्हणून ते गेले.

परवा आम्ही लग्नाला कामणला गेलो होतो. परतल्यावर मी आधी लादीवर पाय टेकवला. कोरडी होती. नळीत हवा भरली होती, वरची टाकी काठाशी आलेली, मासे शाबूत. पंप कोरडा चालून जळाला होता.

पत्नीने लग्नातले लुगडे न बदलताच तांब्या घेतला आणि टाकीतले पाणी उंचावरून टाकीतच ओतू लागली, माशांना हवा मिळावी म्हणून. दुकान बंद व्हायच्या आत जा, असे तिने माझ्याकडे न पाहता सांगितले. मी चपला पुन्हा घातल्या.