पूजेनंतरची गोळी

साथीच्या दुसऱ्या लाटेत मी आमच्या झरी गावात फुकटचा डॉक्टर झालो होतो. मास्तर माणूस, शाळा बंद, हातात मोबाइल. अक्कल नुसती उतू चालली होती. कुणी शिंकलं की मी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या सांगायचो, वर झिंक सांगायचो. लोक ऐकायचे, कारण ते घाबरलेले होते. मीही घाबरलो होतो, पण सल्ले देताना ते कुणाला दिसत नव्हतं.

शेजारच्या घरात माझी चुलती एकटी राहायची. मुलगी गंगाखेडला दिलेली, चुलते जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्यासाठी मी मेडिकलमधून ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणल्या. दुकानदारानं दोनदा बजावलं की ही जड मात्रेची गोळी आहे, आठवड्याला एकच, तीही डॉक्टरांना विचारून. मला वाटलं, इथं माणसं पटापट चाललीत आणि हा बाबा आठवडे मोजत बसलाय. शक्तीचंच औषध, जास्त झालं तर काय बिघडतं? चुलतीला रोज एक घ्यायला सांगितलं. विसरू नये म्हणून वेळही मीच ठरवून दिली, सकाळची लिंगपूजा झाली की लगेच.

चुलती पूजेआधी पाण्याचा थेंबही तोंडात घालत नसे. अंगात ताप असला तरी तिची पूजा कधी चुकलेली नव्हती, मग गोळी कशी चुकणार? मी स्वतः चार दिवस घेतल्या आणि कंटाळून सोडल्या. माझा आळस मला पावला आणि तिचा नेम तिला भोवला. पाकीट संपलं की मी नवीन नेऊन द्यायचो आणि तिच्या नेमाचं चारचौघांत कौतुकही करायचो.

तीनेक महिन्यांनी तिचं जेवण तुटलं. सारखी तहान, उलट्या, मग बोलता बोलता भलतंच बोलायला लागली. परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, मनानं काही औषधं घेतात का? मी नाही म्हणालो. अति तिथं माती हे मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवलेलं, पण डॉक्टरांपुढे अडाणी ठरायची मला लाज वाटली. माझ्या त्या एका शब्दापायी तिचे दोन दिवस वाया गेले.

चुलती त्यातून वाचली, हे आधीच सांगून टाकतो. मूत्रपिंडाचं दुखणं मात्र तिच्यामागे कायमचं लागलं.

तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. कॅल्शियम फार वाढलेलं होतं, ड जीवनसत्त्व अति झालं की वाढतं तसं. सलाइनमुळे ती जरा शुद्धीवर होती, म्हणून डॉक्टरांनी खाटेजवळ येऊन पुन्हा तेच विचारलं. मी भिंतीकडे बघत राहिलो. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मीच घेत व्हते सायेब, रोज एक गोळी," ती म्हणाली. "कुणी सांगितलं न्हाई. माज्या मनानंच."

डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर तिच्यावर रागावले. एवढं वय झालं, थोडी तरी अक्कल नको का, असं बरंच काही बोलले. ती मान खाली घालून ऐकत होती. मग ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुम्ही तर शिकलेले. तुम्ही तरी लक्ष ठेवायचं."

"हो," मी म्हणालो, "समजावून सांगतो तिला."